मदत हवी आहे: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या छोट्या अभ्यासिकेसाठी अनुदान मिळवायचं तर सुरुवात कुठून?

नमस्कार मंडळी,

होंड्याहून पिसुर्ल्याकडे जाताना आमचं गाव लागतं. चार वर्षांपूर्वी आम्ही सात जणांनी संस्था नोंदवली आणि देवळाच्या जुन्या अग्रशाळेत (भाविकांच्या उतरायच्या जागेत) अभ्यासिका सुरू केली. सातांपैकी तीन शिक्षक, एक निवृत्त पोस्टमास्तर, बाकीचे माझ्यासारखे हौशी. संध्याकाळी सहा ते दहा. साखळीच्या सरकारी कॉलेजात जाणारी मुलं जास्त येतात, कारण घरी टीव्ही, आजी आणि धाकटी भावंडं एकाच खोलीत. पुस्तकं पाचशेच्या आसपास, संगणक दोन, त्यातला एक लहरी. पावसात वीज गेली की मुलं मोबाइलच्या उजेडात वाचतात, ते बघवत नाही.

आजवर वर्गणी आणि चवथीच्या आधीच्या देणग्या यांवर भागलं. आता तीन गोष्टी एकदम अंगावर आल्यात. इन्व्हर्टर, कपाटं आणि पुस्तकं हवीत. आमच्याकडची पाच मुलं इंजिनिअरिंग आणि नर्सिंगला लागलीत, त्यांच्या फीसाठी पालक आमच्याकडे बघतात. आणि एका कॉलेजचे प्राध्यापक म्हणतात, ग्रामीण वाचनावर एकत्र परिसंवाद करू, त्यालाही निधी मिळतो.

आम्ही एक सहा पानी अर्ज तयार केला (पहिली दोन पानं गावाचा इतिहास, पोस्टमास्तरांचा आग्रह) आणि तोच एकोणीस ठिकाणी पाठवला. उत्तरं आली दोन, दोन्ही नकाराची.

कागदपत्रं अशी: सोसायटी नोंदणी, पॅन, बँक खातं, तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब. आयकर सवलतीच्या १२ए आणि ८०जी नोंदण्या प्रोव्हिजनल (तात्पुरत्या), दोन वर्षं होऊन गेली. सीएसआर (कंपन्यांच्या सामाजिक खर्चाचा निधी) नोंदणी वगैरे काही नाही.

दोन प्रश्न जास्त टोचतात. एक गृहस्थ येऊन गेले, म्हणाले कंपनीचा निधी आणून देतो, १२ टक्के माझे, त्यातले अर्धे आगाऊ. हे असंच चालतं का? आणि आमच्या सेक्रेटरींचे चुलतभाऊ लंडनला असतात, ते पाच लाख द्यायला तयार आहेत. घ्यायचे ना?

हिशेबी (म्हापसा)

भाऊ, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. चुलतभावांचा पासपोर्ट कुठला? ते लंडनला राहतात याने काही बिघडत नाही. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असतील, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण गोव्यात किती जणांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतलाय ते तुम्हाला सांगायला नको. तसा असेल तर ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड दाखवूनही उपयोग नाही, कायद्याने ते परदेशी स्रोतच. चवथीला गावी येऊन रुपयांत दिले तरी तेच.

परदेशी पैसा घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. त्यासाठी संस्थेला तीन वर्षं पूर्ण हवीत आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख खर्च झालेला हवा. तुमचा तेवढा नसणार. दुसरी वाट पूर्वपरवानगीची: ठरावीक दात्याकडून, ठरावीक रकमेसाठी, ठरावीक कामासाठी. दोन्हीकडे पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. पाच लाखांसाठी हा व्याप करायचा का ते तुम्ही ठरवा. फक्त त्यांचे पैसे इथल्या कुणा भावाच्या खात्यातून फिरवून आणू नका. लोक करतात, आणि मग आमच्या ऑफिसात येऊन रडतात.

१२ टक्केवाल्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. अर्ज लिहून देणाऱ्याला ठरलेली फी देणं वेगळं. मिळणाऱ्या निधीतून टक्केवारी दिली तर हिशेबात ती कुठल्या नावाखाली दाखवणार?

आणि प्रोव्हिजनल नोंदणी तीन वर्षांची असते. संपायच्या किमान सहा महिने आधी नियमित नोंदणीचा अर्ज जावा लागतो, आणि काम आधीच सुरू असेल तर मुदत त्याहून लवकरची असू शकते. दोन वर्षं उलटली म्हणता, तेव्हा आधी तारीख बघा, मग इन्व्हर्टर.

पाटोवाली

मुलांची फी आणि संस्थेचं अनुदान एका अर्जात घातलंत का? तसं असेल तर एकोणीस ठिकाणांचं काय झालं ते कळलं.

फीसाठी मुलांनी स्वतःच्या नावाने अर्ज करायचे असतात. गोवा शिक्षण विकास महामंडळाचं व्याजमुक्त शैक्षणिक कर्ज आहे. मुलं गावडा, कुणबी किंवा वेळीप समाजातली असतील तर ट्रायबल वेल्फेअर खात्याची गगन भरारी योजना आहे. केंद्राच्या शिष्यवृत्त्या राष्ट्रीय पोर्टलवर असतात. पुढे कुणी मोठ्या संस्थेत पदव्युत्तर शिक्षणाला गेलं, तर उच्च शिक्षण संचालनालयाची मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजना बघा. अभ्यासिकेने एवढंच करावं: दोन संध्याकाळी बसून मुलांचे फॉर्म भरून घ्यावेत. उत्पन्नाचा दाखला मामलेदाराकडून आणण्यातच निम्मी मुलं गळतात, हे मी दरवर्षी बघते.

पुस्तकांसाठी राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान, कोलकाता. १९७२ पासूनची केंद्राची संस्था आहे, स्वयंसेवी ग्रंथालयांना पुस्तकं आणि कपाटांसाठी मदत करते. अर्ज राज्यामार्फत जातो, म्हणून थेट कोलकात्याला पाकीट पाठवू नका. पणजीत पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात एकदा येऊन विचारा. येताना दाखल-नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते ती) आणा. पाचशे पुस्तकं दाखल केलेली नसतील तर ती ग्रंथालय नव्हे, ढीग.

वेर्ण्याचा

मी एका कंपनीत सीएसआरचं काम बघतो, कुठली ते विचारू नका. तुमच्यासारखे सहा पानी अर्ज माझ्या टेबलावर येतात, आणि खरं सांगतो, पहिलं पान इतिहासाचं असलं तर दुसरं मी वाचत नाही.

निव्वळ नफा पाच कोटी किंवा जास्त असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावेच लागतात. एखादी कंपनी नफ्याच्या नाही, पण उलाढालीच्या किंवा नेट वर्थच्या (देणी वजा जाता उरणाऱ्या मत्तेच्या) निकषात बसते, तिलाही हा कायदा लागू होतो. कायदा कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो, तेव्हा मुंबईच्या बड्या नावांपेक्षा होंड्याच्या आणि पिसुर्ल्याच्या औद्योगिक वसाहतींत आधी चौकशी करा. ट्रस्ट-सोसायटीला १२ए, ८०जी आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. तुमची चार झाली, म्हणजे त्यात बसता. राहिला सीएसआर-१ फॉर्म, तो सीएकडून प्रमाणित करून भरला की नंबर मिळतो. तो नंबर नसेल तर माझ्या मनात असूनही मी रुपया देऊ शकत नाही.

अर्ज एका पानाचा करा. रोज किती मुलं येतात (हजेरी ठेवता ना?), काय हवंय, कोटेशन किती, आणि पुढच्या वर्षी इन्व्हर्टरची बॅटरी कोण बदलणार. शेवटचा प्रश्न आमचे डायरेक्टर हमखास विचारतात, आणि त्यावर नव्वद टक्के संस्था गप्प होतात. हा आकडा माझ्या अंदाजाचा, पण गप्प होतात हे खरं.

आमचं बजेट एप्रिल ते जूनमध्ये ठरतं. फेब्रुवारीत कधी कधी उरलेल्या पैशांची धावपळ असते, तेव्हा तयार कागद असलेल्याला लॉटरी लागते.

जुना प्राध्यापक

परिसंवादाबद्दल: तिथे अर्जदार कॉलेज असू द्या, तुम्ही सहयोगी. सामाजिक शास्त्रांचा विषय असेल तर आयसीएसएसआर (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) परिसंवादांना मदत देते. कॉलेज यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्यतेच्या २(एफ) आणि १२बी यादीत आहे का, हे प्राध्यापकांना आधी विचारा. ही १२बी म्हणजे तुमची आयकराची १२ए नव्हे, एका बैठकीत दोन्हींचा घोळ होऊन अर्धा तास गेलेला मी पाहिलाय. पैसे कॉलेजच्या खात्यात येतील, विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचं) कॉलेज देईल. तुमच्या वाट्याला काय येणार ते आधी लेखी ठरवा. नाहीतर बॅनर तुमचा आणि जेवणाचं बिलही तुमचं.

मूळ प्रश्नकर्ता

मंडळी, काल रात्री सगळे बसलो. लंडनला फोन लावला. पासपोर्ट पोर्तुगीज निघाला. सेक्रेटरींनी त्यांना नम्रपणे नाही सांगितलं, ते जरा रुसलेत.

प्रोव्हिजनल संपायला अजून नऊ महिने आहेत, म्हणजे अर्जाला फार तर तीनच. सीएकडे सोमवारी जातो. हजेरीची वही आहे, पण पावसाळ्यातली पानं भिजलीत. पोस्टमास्तरांनी इतिहासाची पानं काढायला परवानगी दिली, एका अटीवर: ती अभ्यासिकेत फ्रेम करून लावायची.

एक राहिलंच. आमचा भाग खाणींचा. जिल्हा खनिज निधीतून शिक्षणावर खर्च होतो म्हणतात. आमच्यासारख्या संस्थेला तिथे जाता येतं का?

हिशेबी

तो निधी जिल्हा पातळीवरचा न्यास सांभाळतो, शिक्षण त्याच्या प्राधान्यक्रमात आहे. पण तुम्ही एकट्याने गेलात तर फाइल फिरत राहील. पंचायतीचा ठराव घ्या, ग्रामसभेत विषय आणा, आणि मागणी गावाची म्हणून जाऊ द्या. सोमवारी सीएकडे जाताना मूळ नोंदणीपत्र न्या, झेरॉक्स नको.