सुट्टे नाहीत, म्हणून नाणीच नकोत?

निवृत्त रोखपाल : 'स्कॅनवीर' यांनी काल लिहिले की, दुकानाच्या रांगेत पाकीट उपसून नाणी मोजणारी माणसे इतरांचा वेळ खातात, तेव्हा नाणी आता संग्रहालयात ठेवावीत. परवा मी अशाच रांगेत होतो. पुढच्या तरुणाच्या मोबाइलवर चार मिनिटे चक्र फिरत होते आणि आम्ही सगळे भक्तिभावाने त्याकडे पाहत होतो. त्याला कोणी वेळखाऊ म्हटले नाही. माझी पाळी आल्यावर मी दहाचे नाणे पुढे केले, तर दुकानदाराने ते 'चालत नाही' म्हणून परत सरकवले. दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्येच जाहीर केले आहे. रुपयाचे चिन्ह नसलेले नाणे खोटे, असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे की ते चिन्हच 2010 साली ठरले. त्याआधीच्या नाण्यावर ते उमटणार कसे?

स्कॅनवीर : रोखपालसाहेब, तुमचे नाणे वैध आहे, हे मान्य, पण कायद्यानेही एका व्यवहारात नाण्यांची सक्ती हजार रुपयांपुरतीच ठेवली आहे आणि आठ आण्यांची दहा रुपयांपुरती, म्हणजे सरकारलाही तुमच्या पोतडीची धास्ती असावी. माझा खरा राग वेगळाच आहे. कॉलेजची तीन वर्षे मी बसने गेलो. कंडक्टर उरलेले पैसे तिकिटामागे लिहून देत आणि 'उतरताना घ्या' म्हणत. उतरताना दारात एवढी झुंबड असे की पैसे राहूनच जात. मोबाइलमधून गेलेल्या रुपयाची निदान नोंद तरी राहते.

कंडक्टरची लेक : हे वाचून गप्प बसणे शक्य नाही. माझ्या वडिलांनी एकतीस वर्षे ती कातडी बॅग गळ्यात वागवली. पहाटेच्या पहिल्या फेरीला बॅगेत मूठभर चिल्लर असायची आणि पहिल्याच थांब्यावर चढणारे आठ जण पाचशेची नोट काढून 'सुट्टे तुमच्याकडेच असणार' असे ऐकवायचे. संध्याकाळी आगारात भरणा करताना रुपयाची तूट आली, तरी ती त्यांच्या खिशातून जात असे. 8 नोव्हेंबर 2016 च्या नोटबंदीनंतरचे ते दोन महिने तर आमच्या घरात कोणी काढूही नये. एक म्हातारी चौदा रुपये न घेताच उतरून गेली, तेव्हा वडिलांनी परतीच्या फेरीत ते तिच्या गावच्या पानटपरीवर ठेवले. तुमची झुंबड तेवढी खरी, आणि आमची तूट खोटी?

स्कॅनवीर : मी कोणाच्याही वडिलांना चोर म्हटलेले नाही, ते कृपया माझ्या तोंडी घालू नका. ते देवमाणूस असतील. पण माझ्या मार्गावर देवमाणसांची नेमणूक झाली नव्हती, त्याला माझा इलाज नाही.

कंडक्टरची लेक : देवमाणूस नको, सहा रुपयांसाठी पाचशेची नोट न काढणारा प्रवासी पुरे होता.

मंडईतली : बसमधून खाली उतरायचे असेल, तर मी बोलते. माझ्या गाळ्यावर पैसे आल्याचे ओरडून सांगणारा डबा आहे. त्याचे भाडे दरमहा कापले जाते, धंदा होवो वा न होवो. खाते मुलाच्या नावावर आहे, कारण स्मार्टफोन त्याच्याकडे. दिवसभर मेथीच्या जुड्या मी विकते, डबा 'पंधरा रुपये प्राप्त झाले' असे ओरडतो आणि रात्री माझ्याच पैशांसाठी मला मुलापुढे हात पसरावा लागतो. नाणे माझ्या कमरेच्या पिशवीत पडते, तेव्हा ते माझे असते. तरीही स्कॅनवीरांचे एक खरे आहे : सुट्ट्यांवरून होणारी भांडणे डबा आल्यापासून थांबली, आणि सकाळी चिल्लर गोळा करत फिरणेही सुटले.

निवृत्त रोखपाल : ताई, खाते तुमच्या नावाने निघू शकते, उद्याच बँकेत जा. आणि स्कॅनवीर, तुमच्या नोंदीचा मुद्दा मी नाइलाजाने मान्य करतो, कारण मी स्वतः आयुष्यभर नोंदीच ठेवल्या. नाणे मात्र टाकणार नाही.

स्कॅनवीर : उपकार झाले. तुमच्या पुढे उभे राहण्याची संधी मिळो, मागे नको.

कंडक्टरची लेक : वडिलांना हे सगळे वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, चौदा नव्हते, तेरा होते.