प्रांत, सुभा, महाल की तालुका? काल्पनिक देशाच्या विभागांसाठी मराठी शब्द

मडगावहून प्रश्न
'सातवीण' नावाच्या काल्पनिक देशाची माहितीपुस्तिका मराठीत लिहायची आहे. देशाचे ७ मोठे विभाग, त्यांखाली ४० मधले, त्यांखाली सुमारे ६०० गावं. मोठ्या विभागांना स्वतःचं निवडून आलेलं सरकार आहे, मधल्यांवर नेमलेला अधिकारी. सात मोठ्यांना 'प्रांत' म्हणावं की 'राज्य'? मधल्यांना 'जिल्हा' की 'तालुका'? प्रमुखाला काय म्हणायचं आणि विशेषण 'प्रांतीय' की 'प्रांतिक'?

फोंड्याहून
आकार पाहून शब्द निवडू नका, आधी अधिकार पाहा. प्रत्येक पायरीसाठी तीन गोष्टी लिहून काढा: सारा कोण गोळा करतं, प्रमुखाला कोण नेमतं किंवा निवडतं, आणि त्याला काढायचा हक्क कोणाला आहे. मराठीतले हे सगळे शब्द मुळात याच प्रश्नांतून आले आहेत. 'तहसील' म्हणजेच वसुली. 'तालुका' हा अरबीतला शब्द, अर्थ जोडलेला, संबंध असलेला. 'जिल्हा' म्हणजे बाजू, बरगडी. 'मामलतदार' आला मामल्यावरून, म्हणजे कारभारावरून.

'प्रांत' मात्र जपून वापरा. महाराष्ट्रात 'प्रांतसाहेब' म्हणजे प्रांताधिकारी, जिल्ह्याच्या एका उपविभागाचा अधिकारी. 'प्रांताकडे अपील केलं' हे वाक्य तिथला शेतकरी रोज बोलतो, त्यात कुठलंही सरकार नसतं. दुसरीकडे ब्रिटिश काळातला 'मध्यप्रांत' हा केवढा तरी मोठा मुलूख. मराठेशाहीत प्रांत म्हणजे साधारण सुभाच, सुभेदाराच्या हाताखालचा मुलूख. एका शब्दाला तीन आकार आहेत, म्हणून पहिल्याच परिच्छेदात तुमचा अर्थ सांगून टाका.

'राज्य' घेतलं तर अडचण वेगळी. सातवीणमध्ये राजा असेल तर 'राजाचं राज्य' आणि 'राज्याचं सरकार' यांचा गोंधळ पानोपानी होईल. राजा नसेल आणि सातही विभागांना कायदे करायचा हक्क घटनेनेच दिलेला असेल, केंद्राच्या मर्जीवर नसेल, तर 'राज्य' हाच शब्द बरोबर. मग देशाला 'संघराज्य' म्हणा. केंद्राने दिलेला आणि केंद्राला परत घेता येणारा हक्क असेल तर 'प्रांत'.

मडगावहून
हक्क केंद्राच्या कायद्याने दिलेला आहे, घटनेने नाही. म्हणजे 'प्रांत'. पण निवडून आलेली सभा असली तरी प्रांतच का?

पणजीहून
निवडणुकीवरून ते ठरत नाही. गोव्याचंच पाहा. १९५१ साली पोर्तुगालने घटना बदलून आपल्या वसाहतींना 'सागरापलीकडचे प्रांत' म्हणायला सुरुवात केली. गोवा, दमण आणि दीव मिळून जो कारभार होता त्याचं नाव मात्र जुनंच राहिलं, 'एस्तादु दा इंडिया', म्हणजे शब्दशः 'भारत राज्य'. नावात राज्य, कायद्यात प्रांत, आणि गव्हर्नर जनरल नेमायचा लिस्बननेच. १९ डिसेंबर १९६१ नंतर हा केंद्रशासित प्रदेश झाला. त्याला पुढे ३० जणांची निवडून आलेली विधानसभा मिळाली, मुख्यमंत्री होता, तरी वरचं पद नायब राज्यपालाचं. ३० मे १९८७ रोजी 'राज्य' झालं. वसाहत, प्रांत, प्रदेश, राज्य ही चारही नावं गोव्याच्या त्याच जमिनीने घेतली. पेडण्यापासून काणकोणपर्यंतची हद्द तीच होती, बदलत गेला तो शेवटचा शब्द कोणाचा हा मुद्दा.

म्हणून पुस्तिकेत प्रत्येक प्रांतापुढे एक ओळ द्या: 'सभेने केलेला कायदा कोण फिरवू शकतो?' ती ओळ असली की 'प्रांत' शब्दाचा अर्थ वाचकाला वेगळा समजवावा लागणार नाही.

पेडण्याहून
मधल्या ४० विभागांबद्दल. 'जिल्हा' आणि 'तालुका' दोन्ही चालतील, पण एकच घ्या. ७ प्रांतांत ४० म्हणजे एका प्रांतात पाच-सहा, आणि ६०० गावांचे ४० भाग म्हणजे एका भागात १५ गावं. १५ गावांना 'जिल्हा' म्हणणं कानाला खटकतं, तालुकाच तो. तालुक्याच्या वर लगेच प्रांत आला तरी बिघडत नाही. पायऱ्या कमी असणं यात चूक नाही. गोव्यात पंचायत राज व्यवस्थेच्या दोनच पायऱ्या आहेत, ग्रामपंचायत आणि जिल्हा पंचायत, मधली पंचायत समिती नाही. २० लाखांपेक्षा जास्त लोकसंख्या नसलेल्या राज्याला ती पायरी वगळायची मुभा घटनेतच आहे.

नेमलेला अधिकारी असेल तर त्याला मामलतदार म्हणा. गोव्यातल्या वाचकाला तालुका म्हटलं की मामलतदार आठवतो, महाराष्ट्रातल्याला तहसीलदार. पुस्तिका दोन्हीकडे वाचली जाणार असेल तरी एकच नाव शेवटपर्यंत ठेवा. पान ३ वर मामलतदार आणि पान ११ वर तहसीलदार आला की हे दोन वेगळे अधिकारी आहेत असंच वाचक समजतो.

डिचोलीहून
'महाल' हा शब्द सुचवणार होते, सुंदर आहे, पण त्यातही खाच आहे. आपल्याकडे फोंडा महाल म्हणजे अख्खा तालुका. जुन्या मुंबई इलाख्यात महाल म्हणजे तालुक्याहून लहान भाग, त्यावर महालकरी. शिवाय नुसतं 'महालात' लिहिलं की राजवाडा डोळ्यांसमोर येतो. 'परगणा' या बाबतीत सुरक्षित आहे, त्याला दुसरा अर्थ नाही.

आता नावांबद्दल, कारण शब्द ठरला तरी ४० नावं लागतीलच. गोव्यातली नावं कशी घडली ते पाहून घडवा. तिसवाडी म्हणजे ३० वाड्या, सासष्टी ६६ गावांची, सत्तरी ७० गावांची, बारदेस म्हणजे १२ देस. मुंबईजवळच्या साष्टी बेटाचं नावही ६६ वरूनच आलेलं आहे. त्यामुळे 'सासष्टी' आणि 'साष्टी' यांची जुन्या लेखांत गल्लत होते, संदर्भ पाहूनच वाचावं लागतं. तुमच्या देशात अशी दोन नावं जुळली तर एकाला प्रांताचं नाव जोडा.

आणि एक लक्षात घ्या. नावातली संख्या वसाहत बसली तेव्हाची असते, आज मोजून जुळत नाही. मुरगाव सासष्टीतूनच वेगळा काढला, तरी सासष्टीचं नाव कमी झालं नाही. सातवीणमध्ये 'बारागाव' तालुक्यात आज १५ गावं दाखवा आणि नाव तसंच ठेवा. खऱ्या देशाचा नकाशा असाच दिसतो. सगळ्या नावांत संख्या घालू नका. एखादं नाव देवळावरून, एखादं नदीवरून, आणि एकदोन अशी की अर्थच लागत नाही.

पणजीहून
पोर्तुगीज शिडीही सांगून ठेवते, कारण गोव्यातल्या वाचकाच्या कागदपत्रांत ती भेटते: कोन्सेल्हो म्हणजे तालुक्याएवढा विभाग, फ्रेगेझिया म्हणजे मुळात चर्चचा गाव-विभाग, रेजिदोर म्हणजे गावावरचा सरकारी माणूस. या शिडीतला एखादाच शब्द उचलून दुसऱ्या शिडीत लावू नका. 'सुभेदाराच्या हाताखाली रेजिदोर' असं वाक्य कुठल्याच काळात बसत नाही. मोगली शिडी हवी तर सगळी घ्या: सुभा, सरकार, परगणा, मौजा. आणि हो, त्या शिडीत 'सरकार' म्हणजे सुभ्याखालचा विभाग. आजचा वाचक 'सात सरकारं' वाचून सात मंत्रिमंडळं समजेल. त्यामुळे ती शिडी आधुनिक देशाला लावूच नये असं माझं ठाम मत.

फोंड्याहून
गावपातळीबद्दल कोणी बोललं नाही, आणि खरी भर तिथेच घालता येते. गावाला दोन तोंडं असतात. एक सरकारचं, वरून नेमलेलं. दुसरं गावाचं स्वतःचं. आपल्याकडे गावकारी, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांची संस्था, पुढे कोमुनिदाद, ही दुसऱ्या प्रकारची. गावची शेतं, खाजनं (खाडीकाठची बांध घालून राखलेली शेतजमीन), बांध गावकरांच्या मालकीचे, लागवडीसाठी पावणीने द्यायचे, म्हणजे लिलावात, आणि उत्पन्नातून आधी गावाचा आणि देवळाचा खर्च भागवायचा. १५२६ साली पोर्तुगीजांनी या रिती लिहून काढल्या, तो 'फोराल'. संस्था त्याच्या आधीची. रेजिदोर सरकारचा आणि गावकर गावचे, हा फरक शब्दांतच दिसतो. मराठेशाहीतही तसंच: मामलतदार, कमाविसदार हे नेमलेले, बदलता येणारे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी हे वतनदार, पिढीजात.

सातवीणच्या ६०० गावांत प्रमुख नेमलेला आहे की गावचा आहे, ते ठरवा. नेमलेला असेल तर त्याला 'पाटील' म्हणू नका, वतनाचा वास येतो. 'गावकर'ही नको, ती गावच्या मूळ घराण्यांची ओळख आहे, पद नाही. 'ग्रामसेवक' किंवा 'तलाठी' म्हणा. निवडलेला असेल तर 'सरपंच'.

मडगावहून
विशेषणाचं राहिलं. आणि प्रांताच्या प्रमुखाला 'प्रांतपाल' कसं वाटतं?

डिचोलीहून
'प्रांतपाल' शब्द सेवाभावी क्लबांनी आधीच घेतला आहे, वर्तमानपत्रांत त्याच अर्थाने येतो. 'प्रदेशाध्यक्ष' पक्षांनी घेतला. निवडलेला असेल तर 'प्रांताचा मुख्यमंत्री' लिहा, केंद्राने नेमलेला असेल तर 'राज्यपाल'च्या धर्तीवर 'प्रांतप्रमुख'. 'प्रांताधिकारी' नकोच, कारण वर आलंच आहे.

विशेषणासाठी 'प्रांतिक'. १९३५च्या कायद्याने आलेली ती 'प्रांतिक स्वायत्तता', मराठीत रुळलेला शब्द हाच. 'प्रांतीय' चूक नाही, पण 'प्रांतीयता' म्हणजे प्रांताचा संकुचित अभिमान, ती छटा मागून येते. 'प्रादेशिक' गोव्यात वापरताना सांभाळा: 'प्रादेशिक आराखडा' म्हटलं की इथे जमिनीच्या वापराचा नकाशा आणि त्यावरचे वाद आठवतात. 'स्वतंत्र प्रांत' असं चुकूनही लिहू नका, तो देशातून फुटलेला वाटेल. 'स्वायत्त प्रांत' म्हणा.

पणजीहून
छापायच्या आधी प्रत्येक शब्द चार ठिकाणी घालून पाहा: अनेकवचनाला प्रत्यय लावून, 'सरकार'च्या आधी, प्रमुखाच्या नावात, आणि रहिवाशाच्या नावात. प्रांत: प्रांतांमध्ये, प्रांतिक सरकार. अनुस्वार सुटला की 'प्रांतांचे' सात जणांचं 'प्रांताचे' एकाचं होतं, मुद्रितशोधनात हे हमखास निसटतं. तालुका: तालुक्यांत, तालुका कचेरी. सुभा: सुभ्यांत. तर्फ (काही गावांचा जुना महसुली गट) स्त्रीलिंगी, म्हणून तर्फेचा, 'तर्फाचा' नव्हे. रहिवाशासाठी '-कर' प्रत्येक नावाला बसत नाही: पेडण्याचा पेडणेकर, बारदेसचा बारदेसकर, पण सत्तरीचा नुसता 'सत्तरीतला'.

नमुन्यादाखल एखाद्या गावाचा जमिनीचा उतारा पुस्तिकेत द्या. आपल्या गोव्यातल्या एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीवर, वर तालुका, गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, आणि खाली जमिनीचे प्रकार: जिरायत, बागायत, तरी (भातजमीन), खाजन, केर, मोरड. सातवीणच्या उताऱ्यात सगळ्यात वर 'प्रांत' ही एक ओळ वाढेल.

मडगावहून
ठरवलं ते असं: ७ प्रांत, 'प्रांतिक सरकार', मुख्यमंत्री निवडलेला, ४० तालुके, मामलतदार, ६०० गावं, सरपंच. उताऱ्यावर प्रांत, तालुका, गाव, सर्व्हे, हिस्सा.

फोंड्याहून
गावाच्या स्वतःच्या जमिनी असतील तर सरपंचाशेजारी त्या जमिनींचा कारभार पाहणारी दुसरी संस्थाही लिहा. सरपंचाला त्या जमिनी विकता येत नाहीत, हे एका वाक्यात सांगा. आणि उताऱ्यावर कब्जेदाराच्या रकान्यात सरकारचं नाव न येता त्या संस्थेचं येऊ द्या.