स्पोर्ट्स कन्व्हर्टिबल आणि गोव्याचे रस्ते: सस्पेन्शन कडकच हवं का?

झुआरीपार: काल इथे एका महाशयांनी लिहिलं, ‘कन्व्हर्टिबल, म्हणजे छप्पर उघडणारी गाडी, घेऊन मऊ सस्पेन्शन मागणाऱ्यांनी सरळ इनोव्हा घ्यावी. मी लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या कडक स्प्रिंग, टाकल्या, आता रस्ता बुडाला कळतो.’ गप्प बसणार होतो, पण खाली टाळ्या पिटणारे बघून राहवलं नाही. बुडाला कळतो तो रस्ता नव्हे हो, बॉडीला बसणारा पीळ! छप्पर काढलं की गाडीची पीळ सोसायची ताकद जाते. कंपनी सिल (दाराखालची पट्टी) आणि फ्लोअर भक्कम करते, त्याने वजन वाढतं, तरी बंद गाडीची सर येत नाही. त्यात स्प्रिंग कडक केली की हादरा सस्पेन्शनमध्ये जिरायचा तो थेट बॉडीत जातो. समोरच्या काचेची चौकट थरथरते, आरसा नाचतो आणि मालक खूश, काय ‘फील’ आहे म्हणून! १९८९ ची माझदा एमएक्स-५ घ्या, दोन सीटची छोटी कन्व्हर्टिबल. वळणावर चांगली झुकते, पण चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे चाक वरखाली धरणारे दोन-दोन दांडे, त्यामुळे झुकली तरी टायर रस्त्यावर नीट टेकलेला असतो. झुकणं वेगळं, पकड सुटणं वेगळं.

चोर्लाप्रेमी: महाशय हजर आहेत. माझी बीएमडब्ल्यू झेड-४ आहे, ई-८९ पिढीची, पत्र्याचं घडीचं छप्पर असलेली, वजन दीड टनाच्या आसपास. पहिली एमएक्स-५ टनभराचीही नाही. दोघींना एकच न्याय कसा? केरीहून चोर्ला घाट चढताना मूळ स्प्रिंगवर माझी गाडी एका वळणातून सावरेपर्यंत पुढचं वळण यायचं. आता हात वळवला की नाक वळतं. आणि एमएक्स-५ भारतात कधी अधिकृतपणे विकलीच नाही. तुम्ही यूट्यूबवर चालवलीत का?

झुआरीपार: दुबईला, मेव्हण्याची. तुमचे डॅम्पर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर हो) कुठले, ते नाही लिहिलंत.

चोर्लाप्रेमी: कंपनीचेच. का?

झुआरीपार: वाटलंच. कडक स्प्रिंग दाबली गेली की जोरात उसळते. ती उसळी आवरायचं काम डॅम्परचं, आणि तुमचे डॅम्पर जुन्या मऊ स्प्रिंगसाठी बनलेले. वर गाडी खाली बसवलीत म्हणजे चाकाला वर जायची जागाही कमी. वळणात खड्डा आला की बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडणीवर, आदळणार आणि नेमकी तिथेच पकड सुटणार. पावसात करून बघा. नको, बघूच नका.

साखळीकर: स्प्रिंगवरून भांडताय, आधी टायर बघा रे! त्या गाडीला कंपनीतूनच रन-फ्लॅट येतात, हवा गेली तरी चालावेत म्हणून बाजूची भिंत जाड आणि ताठ. माझ्या मावसभावाने काढून साधे टाकले, त्याची बायको परत गाडीत बसायला लागली.

चोर्लाप्रेमी: आणि घाटात पंक्चर झालं तर? डिकीत स्टेपनी नाही, मोबाइलला रेंज नाही. तुमची वहिनी येणार का ढकलायला?

साखळीकर: वहिनीचं नाव काढायचं काम नाही. पंप आणि सीलंट ठेवा.

पेडणेकरीण: सस्पेन्शन गेलं खड्ड्यात. गतिरोधकांचं बोला! इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच. आमच्या वाड्यावर काल रात्रीत एक उगवला, रुंदी जेमतेम दोन वितींची, रंग नाही, फलक नाही. माझ्या स्विफ्टचं पोट घासतं, या खाली बसवलेल्या गाड्यांचं काय होत असेल!

फोंड्याचा अण्णा: रात्रीत उगवतो कारण दिवसा मागून मिळत नाही. माझं घर रस्त्याला लागून. भाड्याच्या थार, टप काढलेला, गाणी फुल्ल, सुसाट येतात. नातू गेटबाहेर पाऊल टाकतो तेव्हा जीव मुठीत. घासू दे पोट.

पेडणेकरीण: अण्णा, थारला तुमचा गतिरोधक कळतही नाही, ती उडी मारून जाते. भोगतो आम्ही, स्कूटरवाले आणि रुग्णवाहिका. मापात बांधला तर २५ च्या वेगाने सगळे सुखाने जातील. माझ्या सासऱ्यांना पाठीच्या दुखण्याने बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं, प्रत्येक गतिरोधकावर ते ओरडत होते. ते ऐकलंत तर असं लिहिणार नाही.

फोंड्याचा अण्णा: सासऱ्यांचं वाईट वाटलं. मापाचं पटतं. पण ते मोजायला पंचायतीत टेप घेऊन कोण येणार, तुम्ही?

पेडणेकरीण: येते. तारीख सांगा.

झुआरीपार: धागा सस्पेन्शनचा होता.

साखळीकर: गतिरोधक म्हणजे सस्पेन्शनच की.

चोर्लाप्रेमी: बरं, झुआरीपार गुरुवर्य, डॅम्पर बदलतो, स्प्रिंगला जोडीने साजतील असे. रन-फ्लॅटही झिजले की काढतो, साखळीकरांच्या कुटुंबसौख्यासाठी. पण उंची वाढवणार नाही, इनोव्हाही घेणार नाही.

झुआरीपार: घेऊ नका. डॅम्परचा खर्च कळला की तसंही परवडणार नाही.

फोंड्याचा अण्णा: पेडणेकरीणबाई, रविवारी चालेल? आणि त्या थारवाल्यांचा नंबर कसा टिपायचा तेही सांगा, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, वेगात वाचताच येत नाहीत.