मदत हवी आहे: बायोप्सीत नुसता फायब्रोसिस, तरी डॉक्टर पुन्हा सुई घालू म्हणतात

कुळागर:
घाईत लिहितोय. मामांचा बायोप्सीचा रिपोर्ट काल मिळाला. दाट तंतुमय ऊती, म्हणजे वणासारखं काहीतरी, आणि कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत. मामीने लगेच देवापुढे नारळ ठेवला. आज डॉक्टर म्हणतात संशय गेलेला नाही, परत बायोप्सी करू. रिपोर्ट चांगला आलाय तर परत कशाला? पैसे काढायचा प्रकार तर नव्हे? उद्या सकाळी उत्तर द्यायचंय.

पेडण्याची बाय:
कसली बायोप्सी? कुठल्या अवयवाची?

कुळागर:
राहिलंच. स्वादुपिंड. वय ६१.

माडाचा_शेंडा:
दीनदयाळ कार्ड, गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं, रिन्यू केलंय का बघा आधी. आमचं ऐनवेळी संपलेलं निघालं, नंतर धावपळ.

कुळागर:
कार्ड आहे हो. प्रश्न बायोप्सीचा आहे.

निवृत्त लॅबवाला:
बत्तीस वर्षं स्लाइड बघितल्या, म्हणून लिहितो. त्या रिपोर्टचा अर्थ ‘कॅन्सर नाही’ असा लावू नका. ‘या नमुन्यात सापडला नाही’ एवढाच लावा. स्वादुपिंडाचा कॅन्सर हा नुसत्या पेशींचा गोळा नसतो. त्याच्याभोवती शरीर वण रचत जातं आणि कधीकधी गाठीचा ८० टक्क्यांपर्यंत भाग तो वणच असतो. हे काम ताऱ्याच्या आकाराच्या पेशी करतात. एरवी त्या अ जीवनसत्त्व साठवून गप्प पडलेल्या असतात, चेतवल्या की कोलॅजन ओततात. फणस फोडा. सुरी कुठेही घाला, गरा हाताला लागेलच असं नाही, पात्या, म्हणजे गऱ्यांमधले तंतू, मात्र नक्की लागतात. तुमच्या सुईला पात्या लागल्यात.

आता उलट बाजू. जुनाट स्वादुपिंडदाह असला तरी अशीच तंतुमय ऊती दिसते. म्हणजे नुसत्या वणावरून कॅन्सर आहे असंही म्हणता येत नाही. बायोप्सी बारीक सुईने पेशी ओढून केली की जाड सुईने तुकडा काढला?

कुळागर:
सुई ती सुई. तोंडातून दुर्बीण घातली होती.

निवृत्त लॅबवाला:
सुई ती सुई नव्हे! वण कठीण असतो, बारीक सुई चार पेशी घेऊन येते. जाड सुईचा तुकडा आला तर पेशींची मांडणी दिसते. दुसऱ्यांदा कुठली वापरणार ते विचारा.

काजूबी:
मामांना कावीळ आहे का? आमच्या गावात एक आजी झाडपाल्याचं औषध देते, सात दिवसांत डोळे पांढरे. माझ्या भावाची गेली.

कुळागर:
कावीळ होती. म्हणून तर पंधरा दिवसांपूर्वी पित्ताच्या नळीत स्टेंट घातला. आता कमी आहे.

पेडण्याची बाय:
काय मरे! हे आत्ता सांगतोस? आणखी काय काय झालंय?

कुळागर:
गणेश चवथीपासून नऊ किलो वजन गेलं. साखर निघाली, पूर्वी कधीच नव्हती. सीए १९-९, ती कॅन्सरच्या संशयात करतात ती रक्ताची तपासणी, चारशेच्या आसपास आली होती, म्हणजे बरीच जास्त. मला वाटलं हे सगळं बायोप्सीत धरलेलंच असणार.

रानमोगरा:
काजूबी, तुमच्या भावाला झाली ती लिव्हरची कावीळ. ती बऱ्याचदा आपोआप उतरते आणि नाव आजीचं होतं. इथे पित्ताची नळी दाबली गेलीय, झाडपाल्याने नळी उघडत नाही. माझ्या बाबांचे तीन आठवडे असल्याच झाडपाल्याच्या थेंबांत गेले, म्हणून चिडून लिहितेय.

काजूबी:
मी फक्त विचारलं. आजी पैसेसुद्धा घेत नाही.

निवृत्त लॅबवाला:
सीए १९-९ स्टेंटच्या आधीचं असेल तर त्यावर फार टेकू नका. नळी तुंबली की ते असंही चढतं. कावीळ उतरल्यावर परत करा. रक्तातलं आयजीजी४ नावाचं प्रथिन तपासलंय का? स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणारा एक स्वादुपिंडदाह असतो, हुबेहूब गाठीसारखा. तो स्टेरॉइडने विरघळतो. पण कॅन्सरचा संशय फिटल्याशिवाय स्टेरॉइड चालू करून बघायचं नाही.

भंडारी_माशेल:
एवढं सगळं कशाला? सरळ ऑपरेशन करून गाठ काढा, मग तपासा. आमच्या साडूचं असंच केलं, आधी बायोप्सीच नव्हती.

रानमोगरा:
तसं करतात, पण सीटीवर गाठ स्वच्छ काढता येण्यासारखी असेल तेव्हाच. आधी केमो द्यायची ठरली तर पेशींचा पुरावा हातात लागतोच. कुळागर, सीटीत रक्तवाहिनीबद्दल काही लिहिलंय?

कुळागर:
हो, गाठ एका रक्तवाहिनीला चिकटलीय. म्हणून आधी केमो, मग ऑपरेशनचं बघू, असं डॉक्टर म्हणाले. पण कॅन्सर नाही आला तर केमो कशाची, म्हणून मी भांडून आलो.

रानमोगरा:
अरे, मग उत्तर तूच दिलंस. पुराव्याशिवाय ते केमो देणार नाहीत, म्हणूनच दुसरी सुई. पैसे काढायचे असते तर सरळ केमो चालू केली असती.

माडाचा_शेंडा:
लोसार्टन नावाची बीपीची गोळी हा वण मऊ करते आणि केमो आत पोचते, असं वाचलंय. मामा बीपीची गोळी घेतात का?

निवृत्त लॅबवाला:
वण रक्तवाहिन्या दाबतो आणि औषध आत पोचू देत नाही, हे खरं. बॉस्टनमध्ये ४९ रुग्णांना केमोबरोबर लोसार्टन दिलं होतं, २०१९ ला निष्कर्ष आले, आशादायक होते. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. आपल्या मनाने गोळी चालू करायची नाही, आधीच खाणं कमी, बीपी पडेल. वणातला चिकट पदार्थ विरघळवणारं एक औषध त्याच वर्षी मोठ्या चाचणीत नापास झालं. आणि २०१४ मध्ये उंदरांमध्ये वण तयार करणाऱ्या पेशी काढल्या तर कॅन्सर जास्तच माजला. म्हणजे तो वण काही प्रमाणात कुंपणही असतो.

केमोनंतर आणखी एक घोळ होतो, तो आत्ताच ऐकून ठेवा. गाठ मेली तरी जागेवर वण उरतो आणि सीटीत मेलेलं-जिवंत एकसारखंच दिसतं. तेव्हा ‘गाठ तेवढीच आहे’ ऐकून लगेच हाय खाऊ नका.

भंडारी_माशेल:
मुंबईला टाटात दुसरं मत घ्या. कोकणकन्याने सकाळी उतरा, दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. मांडवीने गेलात तर रात्री पोचाल, हाल होतील.

पेडण्याची बाय:
जाताना पेजेचे उकडे तांदूळ घेऊन जा. तिथला भात आजारी माणसाला जात नाही.

निवृत्त लॅबवाला:
कुठेही गेलात तरी नुसता रिपोर्ट चालत नाही. स्लाइड आणि ज्यात बायोप्सीचा तुकडा बसवतात तो मेणाचा ब्लॉक, दोन्ही मागून घ्या.

कुळागर:
आज सकाळी हो म्हणून आलो. गुरुवारी जाड सुईने करणार, आयजीजी४ ला रक्त दिलं. डॉक्टरांची माफी मागितली, ते फक्त हसले. ब्लॉक मिळाला. काडेपेटीपेक्षा लहान प्लॅस्टिकची डबी, वर मेण, आणि मेणात पांढऱ्या दोऱ्याचे दोन तुकडे असावेत एवढंच. मामीने हातात घेऊन उजेडात धरून बघितला आणि विचारलं, यात कुठे आहे? नारळ अजून देवापुढेच आहे, फोडायचा की ठेवायचा तिला कळत नाहीये.