कर्नलमधील आपल्या सुधारणा फ्रीबीएसडीला द्याव्यात का?

धागालेखक, इंदूर:
विजयनगरमधील आमच्या छोट्या कंपनीचे व्हिडिओ सर्व्हर फ्रीबीएसडी या मुक्त संगणक प्रणालीवर चालतात आणि वेगासाठी तिच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, केलेले बदल आम्ही आजवर स्वतःजवळच ठेवले आहेत. त्याची किंमत दर नव्या आवृत्तीला मोजावी लागते. मागच्या खेपेस नेटवर्कच्या एका फंक्शनला लॉक (एका वेळी एकालाच डेटा हाताळू देणारे कुलूप) आधीच घेतलेले मिळू लागले होते. आमचा पॅच, म्हणजे बदलांचा कोड, विनातक्रार बसला, कंपाइलही झाला, आणि रात्री भार वाढताच तेच लॉक पुन्हा मागून सर्व्हर जागच्या जागी थिजला. डिस्कची वाट पाहत प्रोसेस अडकू नये, ही सेंडफाइलमधील (फाइल थेट नेटवर्कवर पाठवणाऱ्या कर्नलच्या सोयीतील) सुधारणा नेटफ्लिक्स आणि वेब सर्व्हर बनवणारी एनजिनएक्स यांच्या पाठबळावर झाली व २०१६ साली फ्रीबीएसडी ११ मधून सर्वांना मिळाली. कर्नलमध्येच टीएलएस, म्हणजे जोडणीचे एन्क्रिप्शन, हाताळण्याचे नेटफ्लिक्सचे कामही पुढे फ्रीबीएसडी १३.० मध्ये आले. आपणही द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद, बडोदे:
आपली अडचण खरी आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. नेटफ्लिक्सचा ग्राहक मालिकांसाठी पैसे मोजतो. अलकापुरीतील आमच्या कंपनीकडे विकायला वेगच आहे. फ्रीबीएसडीचा बीएसडी परवाना बदल परत देण्याची सक्ती करत नाही, आणि सोनीने प्लेस्टेशन ४ ची प्रणाली फ्रीबीएसडीच्याच पायावर उभारली. शिवाय आमचे बदल एकाच नेटवर्क कार्डासाठी बेतलेले आहेत. ते सर्व यंत्रांवर चालतील असे नव्याने लिहायचे, तर त्या महिन्यांचा पगार कोणी द्यायचा?

प्रतिसाद, ग्वाल्हेर:
लिनक्सचा जीपीएल परवानासुद्धा केवळ स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या बदलांचा सोर्स कोड मागत नाही. ती अट सॉफ्टवेअरचे इतरांना वाटप केल्यावरच लागू होते. तेव्हा इथे प्रश्न कायद्याचा नसून हिशेबाचा आहे.

धागालेखक, इंदूर:
हिशेबच मांडू या. कार्डाचे बफर, म्हणजे डेटाचे तात्पुरते साठे, किती ठेवायचे, हे आपले आकडे आपल्याजवळ राहू द्यावेत. परंतु ते बसवण्यासाठी कर्नलच्या कोडमध्ये जी जागा करावी लागते, ती मूळ प्रकल्पात गेली, तर पुढे लॉक बदलणारा माणूस आपला कोडही त्याच वेळी सांभाळील. ज्या कर्नलवर आपण पोट भरतो, तो आपल्याला विनामूल्य मिळाला आहे, हेही मला विसरवत नाही.

प्रतिसाद, बडोदे:
एवढी विभागणी असेल, तर दोषांच्या दुरुस्त्या आणि ती जागा देण्यास माझी हरकत नाही. वेग वाढवणारा भाग मात्र मी देणार नाही.