‘ॲप्निया’ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरकार, सोलापूर : अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पालकांसाठी माहितीपत्रक होतंय. ‘ॲप्निया’ला, म्हणजे बाळाचा श्वास मधेच थांबतो त्याला, ‘श्वासरोध’ चालेल, की ‘श्वास रोखणे’?

बालरोगतज्ज्ञ : दोन्ही नकोत. रोखतो तो मुद्दाम. ‘रोध’ म्हटलं की वाटेत काही अडकलंय असं वाटतं. इथे मुळात मेंदूकडून श्वासाचा हुकूमच सुटत नाही. मान छातीकडे झुकली की अडथळ्याची भर पडते, आणि असं मिश्र रूपच जास्त दिसतं. ‘श्वासविराम’ घ्या, पण व्याख्येसकट : श्वास २० सेकंद किंवा जास्त थांबणं, किंवा कमी वेळ थांबूनही ठोके मिनिटाला १०० च्या खाली जाणं वा ऑक्सिजन उतरणं. ५-१० सेकंद थांबून पुन्हा भराभर श्वास, असं चक्र चालतं ते ‘आवर्ती श्वसन’. ते वेगळं.

परिचारिका : घरच्यांना ‘विराम’ जड जातो. ‘बाळ श्वास घ्यायला विसरतं’ लगेच कळतं. अक्कलकोटकडच्या कन्नड आईला ‘उसिरु’, पूर्व भागातल्या तेलुगू आजीला ‘ऊपिरि’ म्हणून सांगावं लागतं, तेव्हा मराठी वाक्यही तेवढंच सोपं हवं. पुढचं ‘बाळाला हलवा’ तर काढाच, लोक गदागदा हलवतील. ‘तळपाय किंवा पाठ हलकेच चोळा’ लिहा, त्याबरोबर ‘मान सरळ, नाक किंचित वर’. तरी श्वास आला नाही तर बॅग-मास्क, म्हणजे नाकातोंडावर मास्क धरून पिशवी दाबून हवा देणं, ते आमचं काम.

भाषांतरकार : कारणांत ‘शरीराचं रसायन बिघडणे’ आहे. ठेवू?

बालरोगतज्ज्ञ : मोघम आहे, नावं घ्या. कार्बन डायऑक्साइड वाढला की आपला श्वास वाढतो. या बाळांत तो इशारा मंद असतो. ऑक्सिजन कमी पडला तर मिनिटभर श्वास वाढतो, मग उलट मंदावतो. हा कच्चेपणा, बिघाड नव्हे. बिघाड म्हणजे रक्तातली साखर किंवा कॅल्शियम उतरणं, सोडियम वरखाली होणं, जंतुसंसर्ग. अंग तापलं तरी श्वास थांबतो. सोलापूरच्या मे महिन्यात बाळाला ठेवायची काचेची पेटी (इन्क्युबेटर) खिडकीच्या उन्हात नको. बगलेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हवं.

परिचारिका : श्वास थांबू नये म्हणून देतात ते ‘कॅफीन’ वाचून कुणी कॉफी पाजेल. तिथे ‘औषध’ शब्द हवाच.

बालरोगतज्ज्ञ : आणि ‘सायट्रेट’ गाळू नका. कॅफीन सायट्रेटचा पहिला डोस किलोमागे २० मिलिग्रॅम, २४ तासांनंतर रोज ५ ते १०. त्या २० मध्ये नुसतं कॅफीन १० च असतं. शब्द गळला आणि कुणी २० मिलिग्रॅम नुसतं कॅफीन धरलं, तर डोस दुप्पट. मग ठोके धावतात, बाळ थरथरतं.