मदत हवी आहे: शिगेवरचं मटण बाहेरून करपतं, आतून चिवट राहतं

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी घरी बारा माणसं जेवायला आहेत आणि मी फुशारकी मारून बसलेय की निखाऱ्यांवर शिगा लावणार. आजवर दोनदा करून पाहिलं, दोन्हीदा फसलं. तेही वेगवेगळ्या तऱ्हेने, म्हणून जास्त गोंधळ.

पहिल्यांदा एक किलो बिनहाडाचं मटण, दीड इंची तुकडे. घट्ट दही, आलं-लसूण, तिखट, धने-जिरे पूड, दोन लिंबांचा रस आणि मऊ व्हावं म्हणून कच्च्या पपईचा वाटलेला गर चांगला अर्धी वाटी. रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी डबा उघडला तर तुकड्यांच्या कडा बुळबुळीत, बोटाने दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. निखाऱ्यांवर पाच मिनिटं होतात न होतात तोच शिगेभोवतीचं भोक मोठं होत गेलं आणि दोन तुकडे थेट राखेत. उरलेल्यांचा वरचा थर लगद्यासारखा आणि मधला भाग तरीही चिवट! हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

दुसऱ्यांदा पपईला रजा दिली, चमचाभर मध घातला. कोळसे धगधगत असतानाच शिगा ठेवल्या. चार मिनिटांत काळं कुळकुळीत, आणि कापून बघावं तर शिगेलगत कच्चं. बांबूच्या काड्यांची टोकंही पेटली. भिजवल्या होत्या हो, दहा मिनिटं.

तर पपई घालायची का, किती, किती वेळ? मीठ आधी लावलं की पाणी सुटून मटण कोरडं पडतं असं ऐकलंय, ते खरं का? आणि विस्तव नेमका कसा हवा? जाळीची कोळशाची शेगडी आहे, ओव्हन नाही. ‘सरळ बाहेरून मागव’ हा सल्ला नवऱ्याने देऊन झाला आहे, तो सोडून बोला.

प्रतिसाद १

कोडं सोपं आहे. पपईतलं पपेन मांसातली प्रथिनं तोडतं, पण आत फारसं शिरतच नाही. रात्रभर ठेवा नाहीतर दोन दिवस, ते वरचेच काही मिलिमीटर पोखरत बसणार. त्यात गंमत अशी की फ्रीजमध्ये ते संथ असतं आणि मांस ६०-७० अंशांच्या आसपास गरम होत असताना सगळ्यात जोरात काम करतं. म्हणजे तुमचा खरा लगदा विस्तवावर झाला. घालायचीच तर किलोला एक चमचा गर, तोही शेवटच्या तासाभरात. अननस आणि किवीचंही तेच, तिथेही हात आखडताच ठेवा.

दोन लिंबं रात्रभर हेही जास्त झालं. आंबटाने वरचा थर आधीच शिजल्यासारखा पांढरट होतो आणि भाजल्यावर खडूसारखा लागतो. मी रस शेवटी पिळते.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, पण मुळात मसाल्याकडून मऊपणाची अपेक्षाच चुकीची. मऊपणा खाटकाकडे ठरतो. नडगीचं किंवा मानेचं मटण रश्शात दोन तास रटरटलं की सुरेख लागतं, कारण त्यातल्या चिवट भागाला विरघळायला तेवढा वेळ लागतो. शिगेवर तुम्ही त्याला दहा-बारा मिनिटं देताय. कोवळ्या जनावराच्या मांडीचं मागा, आणि घरी आणल्यावर तुकड्यांवरचा तो पांढरट, चकाकणारा पडदा सुरीने सोलून काढा. कंटाळवाणं काम आहे, एका किलोला अर्धा तास जातो, पण मी बाकी सगळं टाळेन, हे नाही. भाजताना तो पडदाच आक्रसतो आणि तुकडा रबर होतो. तुकडे तंतूंना आडवे कापा, एक इंचाचे.

मिठाबद्दल ऐकलंत ते अर्धवट खरं. सुरुवातीला पाणी सुटतं, पण काही तास ठेवलं की तेच खारं पाणी परत आत मुरतं आणि भाजताना मांस ओलावा धरून ठेवतं. अख्ख्या मसाल्यात खोल जाणारं म्हणाल तर मीठच, तिखट-हळद वरवरच राहतात. किलोला १२ ते १५ ग्रॅम मीठ आदल्या रात्री लावा, मसाला सकाळी.

प्रतिसाद ३

काड्या किमान अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा. तरी टोकं जळतातच, तेवढा भाग विस्तवाबाहेर ठेवायचा. त्यापेक्षा लोखंडी चपट्या शिगा घ्या. गोल शिगेवर तुकडा गरगर फिरतो, तुम्ही शीग उलटता आणि मटण आपलं होतं त्याच कुशीवर.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे आभार! नडगीचंच होतं हो. ‘बिनहाडाचं द्या’ एवढंच सांगितलं, त्याने हाताला लागलं ते दिलं. आता विस्तवाचं कोणी सांगेल का?

प्रतिसाद ४

ज्वाळा असताना काहीही ठेवायचं नाही. कोळशांवर पांढरी राख धरेपर्यंत थांबा, वीस-तीस मिनिटं सहज जातात. मग निखारे शेगडीच्या एका बाजूला ओढा, दुसरी बाजू मोकळी. तळहात जाळीच्या चार बोटं वर धरा, दोन-तीन सेकंदांत चटका बसून मागे घ्यावासा वाटला की आच तयार. निखाऱ्यांवर सगळ्या बाजूंनी रंग येऊ द्या, नंतर शिगा मोकळ्या बाजूला सरकवून वर झाकण किंवा पातेलं पालथं घाला. चरबी गळून भडका उडाला तरी हीच जागा कामी येते.

ठेवण्याआधी जाडसर मसाला निपटून काढा. ओल्या दह्याचा थर आधी वाफाळतो आणि मग थेट करपतो. मध शेवटच्या मिनिटाला ब्रशने. तुकडे एकमेकांना चिकटवून ओवू नका, बोटभर नाही तरी काडीभर फट हवी. थर्मामीटर असेल तर मटणाच्या तुकड्याच्या मध्यावर ६३ अंश आणि मग तीन मिनिटं विश्रांती. चिकन असेल तर ७४, तिथे तडजोड नाही. आणि डब्यात उरलेला मसाला भाजलेल्या तुकड्यांना फासू नका, कच्च्या मटणाचं पाणी आहे त्यात. उकळून घ्या किंवा फेकून द्या.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आज पाव किलोची रंगीत तालीम केली. मांडीचं मटण, पडदा सोलून (अर्धा तास नाही, पाऊण तास!), रात्री मीठ. एका शिगेला तासभर पपई, दुसरीला नाही. खरं सांगायचं तर बिनपपईची उजवी निघाली. कडा तपकिरी, दाताखाली सुटणारी, आणि सुरी लावल्यावर रस ताटात आला. पपईवाली वाईट नव्हती, पण वरून थोडी पिठूळ. नवरा गप्प बसून सहा तुकडे खाऊन गेला.

आता शेवटचं, बारा जणांना दोन किलो पुरेल ना?

प्रतिसाद २

भाजून वजन पाव हिस्सा तरी उतरतं आणि पडदा-चरबी सोलण्यात जातं ते वेगळं. सोबत भाकरी-भात असेल तर पुरेल, नुसत्याच शिगा असतील तर तीन किलो आणा. आणि सोलायला आज सहा तुकडे खाऊन गेलेल्या त्या नवऱ्याला बसवा.